वलांडीखालचा वारा

दिवाळीचे कंदील उतरले की आमच्या डहाणूकडे वारा फिरतो. कोणी सांगायला लागत नाही. सकाळी अंघोळ करून बाहेर आलं की ओठ ताणतात, दोरीवरची चादर दुपारपर्यंत कडक होते, आणि रिक्षा चिखले गावाच्या रस्त्याला वळली की तो वास येतो. वाळत्या बोंबलांचा. नवखा माणूस लगेच रुमाल काढून नाकाला लावतो. मी मात्र रिक्षावाल्याला म्हणते, जरा हळू घे रे बाबा. मी मूळची वाणगावची, भात नि भाजीपाल्यातली, पण त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि ते सांगायची मला काडीची लाज नाही.

मी नर्स आहे. सायवनपासून चिखल्यापर्यंत आणि तिकडे तलासरीच्या पाड्यांपर्यंत सगळे मला सिस्टर म्हणतात. माझं खरं नाव बहुतेक माझ्या नवऱ्यालाच ठाऊक असेल. सुया टोचणं, वजनं घेणं, गोळ्या वाटणं ही कामं आहेतच. पण माझ्या आवडीचं काम एकच. बाई पोटुशी असते तेव्हाच तिला समोर बसवायचं आणि बाळाला अंगावर कसं घ्यायचं ते शिकवायचं. बाळ झाल्यावर नाही, आधी. झाल्यावर बाई थकलेली असते, पोर टाहो फोडत असतं आणि सल्ला द्यायला अख्खी आळी खाटेभोवती जमलेली असते. त्या गोंधळात कोणाच्या डोक्यात काय शिरणार, कप्पाळ!

‘हे काय शिकवायचं असतं होय? गाईला कोण शिकवायला जातं?’ असं मला प्रत्येक गावात एकदा तरी ऐकावं लागतं. मी म्हणते, ‘वासरू जन्मल्यावर धडपडत का होईना, उठून आपल्या पायांनी आईच्या आचळाशी जातं. तुझं पोर जाणार आहे का चालत?’ बायका हसतात. हसल्या की माझं काम निम्मं झालं.

खरं तर मला नवल वाटतं. सातवा महिना लागला की आपण बाईची ओटी भरतो. नारळ, तांदूळ, फुलं, हिरव्या बांगड्या. कोणी झबली शिवतं, कोणी गोधडी. पाळण्याची दोरीसुद्धा दोनदा ओढून बघतात. आणि ज्यावर ते लेकरू जगणार त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. ते म्हणे आपोआप येतं. येतं कधीकधी, नाही असं नाही. पण जिला येत नाही ती बाई गुपचूप स्वतःलाच दोष देत बसते, आणि तो दोष तिच्या अंगातून काढणं औषधगोळीच्या हाताबाहेरचं असतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. हे मी एका मोसमात चिखल्यात पाहिलं. वारा फिरला की दर वर्षी मला तोच मोसम आठवतो.

बोंबलाच्या मोसमात चिखल्यातली एखादी बाई काम टाकून उपकेंद्रात माझं ऐकायला येईल, ही आशा वेड्यानंच करावी. होड्या लागल्या की पाट्याच्या पाट्या बोंबील खळ्यात येऊन पडतात. खळं म्हणजे घरापुढचं अंगण, आणि त्यात बांबू उभे-आडवे बांधून केलेली वलांडी. आडव्या बांबूंवर बोंबील टांगायचे आणि वाऱ्यानं वाळवायचे. इतका नाजूक मासा, लगेच टांगला नाही तर हातातच त्याचा लगदा होतो. मग बाईला आठवा असो की नववा, ती उभीच.

मी दोन वेळा उपकेंद्रात एकटीच बसले, सतरंजी घातली तशीच गुंडाळली, आणि तिसऱ्या वेळी पिशवी उचलून थेट जमनाकाकीच्या खळ्यात गेले. म्हटलं, ‘तुम्ही हात चालवा, मी तोंड चालवते.’

जमनाकाकीचं खळं आळीत सगळ्यांत मोठं. काकी उंच, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली, आवाज असा की होडीवर ऐकू जावा. आळीतल्या चार-पाच पोटुश्या तिच्याकडे बोंबील टांगायला यायच्या. मी मधोमध पाटी पालथी घालून तिच्यावर बसले आणि सुरू केलं. आता हा विषय असा, की एका टोकाच्या बाईला ऐकू जायचं तर ओरडावंच लागतं. पलीकडे पुरुष जाळी शिवत बसले होते. माझं पहिलं वाक्य ऐकलं मात्र, त्यांनी जाळी उचलली आणि थेट सुरूच्या झाडांखाली गेले. बायका पोट धरून हसल्या. ‘सिस्टर, रोज येत जा. तेवढीच यांची कटकट कमी.’

सगळ्या खळ्यात होत्या, एक सोडून. काकीची सून दर्शना उंबऱ्याच्या आत बसली होती. कानांवरून घट्ट बांधलेला स्कार्फ, अंगावर शाल, मागची खिडकी जुन्या लुगड्यानं बुजवलेली. आठवा महिना, घामानं नुसती भिजलेली.

मी विचारलं, ‘काय गो, ताप आहे का?’

उत्तर काकीनं दिलं. ‘ताप नाय. तिला वारा लागू द्यायचा नाय.’

हळूहळू सगळं कळलं. दर्शनाचं माहेर झाई गावचं. पहिली मुलगी रिया तिकडेच झाली, आणि सव्वा महिन्यानं लेक घेऊन ती सासरी आली तेव्हा चिखल्यात भर मोसम होता. ती बाळाला पाजायची आणि वलांडीखाली उभी राहायची. पाजताना जीव जाईल इतकं दुखायचं, चिरा पडलेल्या. पोर ओढायचं, सोडायचं, रडायचं. दूध कमी कमी होत गेलं आणि एक दिवस संपलं. मग बाटली आली. बाटलीमागून जुलाब आले आणि तान्ह्या रियाला सलाईन लावून दवाखान्यात ठेवावं लागलं. पोर वाचली. पण घरात एक गोष्ट कायमची ठरून गेली, की ज्या वाऱ्यानं बोंबील वाळतो त्याच वाऱ्यानं दर्शनाचं दूध आटलं.

‘माझं पण असंच झालं होतं,’ काकी मान वर न करता, बोंबील टांगता टांगता म्हणाली. ‘हिचा नवरा, नितेश झाला तेव्हा. सासू बोलली, वाऱ्यात उभी राहिलीस, आता काय राहणार तुझ्यात? शेळीच्या दुधावर वाढवला त्याला. मला सगळी आळी कोरडी बोलायची. कोरडी जमना.’

काकीचे हात चालूच होते.

आत फळीवर, देवाच्या फोटोशेजारी, पावडरच्या दुधाचा डबा आणि नवीकोरी बाटली ठेवलेली मला दिसली. बाळ यायच्या आधीच. सासू दुष्ट असती तर माझं काम सोपं होतं, मी सरळ भांडले असते, मला भांडता चांगलं येतं. पण हिनं तर मायेनं आणून ठेवलं होतं. पोर उपाशी राहू नये म्हणून. सुनेला आपल्यासारखं कोणी बोलू नये म्हणून. आणि दर्शना त्या डब्याकडे अशी बघत होती, जणू त्या डब्यावर तिचाच निकाल लिहिलाय. मला इतका राग आला, इतका राग आला, आणि तो नेमका कोणावर काढायचा तेच कळेना. दोन वर्षांच्या मुलीची आई, धडधाकट बाई, तिला वाटत होतं की आपलं अंगच नालायक आहे. हे दुसरं बाळसुद्धा पहिल्या दिवसापासून बाटलीला लागलं असतं, आणि पुन्हा तेच रामायण.

मी पिशवीतून बाहुली काढली. कापडाची, मीच शिवलेली, आत तांदूळ भरलेले, म्हणजे हातात घेतली की बाळाएवढी जड लागते. कसं धरायचं, मानेला आधार कसा द्यायचा, बाळाचं पोट आईच्या पोटाला कसं चिकटलं पाहिजे, सगळं दाखवलं. मग मुख्य गोष्ट. बाळाच्या ओठाला स्तनाग्र नुसतं लावायचं आणि थांबायचं. ते मोठा आ करेपर्यंत थांबायचं. मगच जवळ ओढायचं, म्हणजे नुसतं टोक नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात जातो. हे सांगताना माझ्या लक्षात आलं की बाहुलीचं तोंड लाल दोऱ्यानं शिवलेलं आहे. छान हसरं आणि घट्ट बंद. हिला आ कसा करायला लावू?

माझी नजर वलांडीवर गेली. तिथं शेकडो आ होते.

‘काकी,’ मी म्हटलं, ‘बोंबील कसा टांगतेस, जरा दाखव ना.’

‘इतकी वर्षं बघतेस नि खातेस, आता विचारतेस होय?’ पण तिनं दाखवलं. दोन बोंबील घेतले, दोघांचे जबडे बोटानं पूर्ण उघडले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि जोडी बांबूवर टाकली. एक इकडे, एक तिकडे.

‘आणि तोंड अर्धवट उघडलं तर?’

‘तर काय, निसटणार. वारा आला की खाली. पोरीबाळी शिकायला लागतात ना, त्यांचे सगळे खाली. तोंड फाटतं ते वेगळंच. पुरतं उघडल्याशिवाय अडकवायचं नाय.’

‘झालं!’ मी पाटीवरून उठलेच. ‘हेच मी मघापासून बोंबलतेय. बाळाचं तोंड अर्धवट असताना लावलं की निसटतं. निसटू नये म्हणून ते हिरड्यांनी टोक दाबून धरतं. मग आईला चिरा पडतात, दूध नीट ओढलं जात नाही, आणि जे ओढलं जात नाही ते अंग बनवायचं थांबतं. बोंबलासारखा आ केल्याशिवाय लावायचं नाही!’

बायका हसून हसून बेजार. एकीनं बोंबील हातात धरून त्याला ‘आ कर बाळा, आ कर’ म्हणायला सुरुवात केली. तेवढ्यात उंबऱ्याच्या आतून दर्शना म्हणाली, ‘सिस्टर, रिया कधीच असं तोंड उघडायची नाय. मी घाईघाईनं लावायची. ती रडायची म्हणून.’

मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, ‘तुला कोणी दाखवलंच नव्हतं. तुझं दूध होतं. ते पोरीपर्यंत पोचलं नाही, एवढंच.’

ती रडली. स्कार्फ सोडून त्यानंच डोळे पुसले. काकी मात्र इतक्या सहज ऐकणाऱ्यातली नव्हती. ‘आणि वारा? तुला काय कळतं वाऱ्यातलं? तू वाणगावची.’

‘वारा वाळवतो ते बाहेर टांगलेलं,’ मी म्हटलं. ‘हिचं दूध काय बांबूवर टांगलंय?’

काकी हसली नाही. तेव्हा मी तिच्याशी सौदा केला. म्हटलं, डबा फळीवर राहू दे, मी हात लावत नाही. खिडकीपण बुजलेली राहू दे. पण दवाखान्यात तू बरोबर जाशील तेव्हा डबा उघडायच्या आधी पोराचं तोंड बघायचं. आ पुरता आहे का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, हनुवटी टेकली आहे का. नसेल तर आईच्या बोटानं हलकेच सोडवायचं आणि परत लावायचं. जन्मभर तोंडं बघून टांगलीस, तुझ्याइतकी नजर या गावात कोणाची आहे?

‘चढव मला हरभऱ्याच्या झाडावर,’ काकी म्हणाली. पण पुढच्या प्रत्येक वेळी मी गेले, की बाहुली आधी ती मागून घ्यायची. तिनंच दाभण आणून बाहुलीचा लाल दोरा उसवला आणि तोंडाच्या जागी चांगला मोठा आ कापला, आणि तांदूळ सांडू नयेत म्हणून आतून चिंधी शिवली.

ती बाहुली अजून माझ्याकडे आहे. गेल्याच आठवड्यात सायवनला घेऊन गेले होते. तिथं समुद्र नाही, पण आठवडी बाजारात सुका बोंबील असतोच, आणि सुक्या बोंबलाचंही तोंड उघडंच राहतं. मी एका घरातून दोन मागून घेतले. भात झोडून अंगाला तूस लागलेल्या बायका खळ्यावर बसल्या होत्या, त्यांच्यातल्या एका नव्या पोटुशीनं बोंबील उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, ‘एवढा मोठा आ?’ म्हटलं, ‘एवढाच. कमी चालणार नाही.’ तलासरीकडे काही घरांत मी अर्धं गुजराती बोलते, तिथंही बोंबील दाखवला की पुढचं सांगावं लागत नाही. शिकवायचं ते समोरच्याच्या स्वैपाकघरातून उचललं की ते त्याच्याकडेच राहतं, असा माझा अनुभव आहे, आणि याबाबतीत मी कोणाचंही ऐकून घेणार नाही.

त्या वर्षी दर्शनाला मुलगा झाला तो ऐन मोसमात, सकाळच्या वेळी. मी तिथं नव्हते. पुढचं सगळं तिनंच मला सांगितलं, हसत हसत. नर्सनं बाळ पुसून तिच्या उघड्या छातीवर ठेवलं. काकीनं चष्मा चढवला आणि दोघांच्या इतक्या जवळ वाकली की तिचं नाक बाळाला लागेल. बाळानं ओठ हलवले. दर्शना लावायला गेली तर काकी ओरडली, ‘थांब! अजून नाय. अजून नाय गो... उघडू दे त्याला...’ शेजारच्या खाटांवरच्या बाळंतिणी उठून बसल्या. नर्स धावत आली, काय झालं म्हणून. आणि बाळानं एकदाचा तो आ केला. ‘आता!’ काकी म्हणाली. ‘घे जवळ!’ दर्शना मला म्हणाली, ‘सिस्टर, दुखलंच नाय. मी वाट बघत होते दुखायची.’

दुसरा दिवस कठीण गेला. दूध अजून भरून आलेलं नव्हतं, नुसता चीक होता, घट्ट, पिवळा, थेंबथेंब. नव्या बाळाला तेवढा पुरतो, हे मी त्यांच्याकडून घोकवून घेतलं होतं; पण रडतं लेकरू समोर असलं की घोकलेलं कोणाला आठवतं? डबा पिशवीतून दवाखान्यात आलाच होता. काकीचा हात पिशवीत गेला. आणि मग, दर्शना सांगते, तो तिथंच थांबला. काकीनं चष्मा लावला, वाकली, बघितलं आणि म्हणाली, ‘निसटलंय गो. सोडव. परत लाव.’ दिवसभर तेच. सोडव, परत लाव. तिसऱ्या दिवशी दर्शनाचा पदर ओला झाला.

मी घरी भेटायला गेले तेव्हा खिडकी अजून बुजलेलीच होती, पण बाळाचं वजन झकास भरलं होतं आणि दर्शना दोन्ही वेळा पोटभर जेवत होती. मी खिडकीबद्दल एक अक्षर बोलले नाही. मलाही कधीकधी गप्प बसता येतं.

मोसम संपत आला तेव्हाची ही गोष्ट. वारा अजून होता, कोरडा, उत्तरेचा, शेवटचे बोंबील वलांडीवर एकमेकांवर आपटून खडखडत होते. मी खळ्यात शिरले आणि थबकलेच. दर्शना बाहेर होती. वलांडीखाली, पालथ्या पाटीवर, भर वाऱ्यात बसली होती. स्कार्फ नाही, शाल नाही, केस उडत होते, आणि मांडीवर पोरगं मजेत पीत होतं. रिया शेजारी बसून आपल्या चिंधीच्या बाहुलीला तसंच धरून पाजत होती. म्हणाली, ‘माझी बाहुली पण आ करते.’

काकी पलीकडे उभी होती. हातात बोंबलांची जोडी, पण टांगत नव्हती. नुसती बघत होती. पोरानं तोंड सोडलं तशी दुधाची धार त्याच्या गालावरून ओघळली, वाऱ्यानं उडून दर्शनाच्या कोपरावर पडली. पोर परत आ करून चिकटलं.

‘आत चल म्हटलं तर ऐकत नाय,’ काकी मला म्हणाली. ‘सकाळपासून वाऱ्यात आहे.’

‘मग? आटलं का?’

काकीनं बोंबील पाटीत ठेवले, हात लुगड्याला पुसले आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिचा तो होडीवर पोचणारा आवाज मला पुढ्यात असूनही जेमतेम ऐकू आला.

‘सिस्टर,’ ती म्हणाली, ‘म्हणजे मी पण कोरडी नव्हते?’

मी तिचा खारट, खरखरीत हात हातात घेतला आणि म्हटलं, ‘नाही गो काकी. कधीच नव्हतीस.’

मग एकदम तिचा नेहमीचा आवाज परत आला आणि तिनं सुरूच्या झाडांकडे हाक मारली, ‘नितेश! ए नितेश! इकडं ये!’

तिशीतला, दाढीवाला, दोन पोरांचा बाप नितेश हातातलं जाळं टाकून धावत आला. त्याला वाटलं, काही तरी झालं. काकीनं त्याला जवळ ओढलं, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला, आणि त्याच्या गालावरून, हनुवटीवरून, तोंडावरून हात फिरवत राहिली.

‘काय झालं, आये?’ तो घाबरून म्हणाला.

‘काय नाय,’ काकी म्हणाली. ‘जा, जाळं बघ.’